दर सहा महिन्यांनी विंडोजचं ॲक्टिव्हेशन उडतंय? प्रॉडक्ट की टाकायच्या आधी हे बघा

डिसेंबर, ओरल-प्रॅक्टिकल तोंडावर, आणि सकाळी सव्वानऊला लॅब असिस्टंटचा फोन. "सर, ते परत आलंय." ते म्हणजे काय हे विचारायची गरजच नव्हती. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ते फिकट राखाडी 'ॲक्टिव्हेट विंडोज', वॉलपेपर बदलू देत नाही, सेटिंग उघडलं की लाल अक्षरं. फरक एवढाच की आधी दोनचार पीसींवर यायचं, यावेळी साठच्या साठ पीसींवर, ते पण तीनचार दिवसांच्या आत.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅब आणि नेटवर्क बघतो, आणि संध्याकाळी ओळखीतली दोनचार ऑफिसं. तर "ॲक्टिव्हेशन गेलं, प्रॉडक्ट की द्या" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सरळ सांगतो, प्रॉडक्ट की नंतर बघू, आधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघड आणि एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलव्ही एवढं टाइप कर (इंग्रजीतच, मी इथे उच्चार लिहितोय). एक खिडकी उघडते, त्यात वीसेक ओळी असतात, तिचा फोटो काढून पाठव. नव्वद टक्के निदान त्या फोटोतच होतं. लोक ते न बघता की टाकत सुटतात, मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्या खिडकीत डिस्क्रिप्शन नावाची ओळ असते, तिच्या शेवटी चॅनल लिहिलेला असतो. रिटेल (वेगळी विकत घेतलेली विंडोज), ओईएम-डीएम (मशीनबरोबरच आलेली), व्हॉल्यूम-मॅक, नाहीतर व्हॉल्यूम-केएमएस-क्लायंट (या दोन्ही कंपनी-कॉलेजच्या, खाली सांगतो). हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण या चौघांचं ॲक्टिव्हेशन जाण्याचं कारण वेगळं आणि उपाय पण वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आणि "सहा महिन्यांनी गेलं" असं कोणी म्हणालं की डोळे झाकून समजा, केएमएस. कारण बाकी तिघांना मुदतच नसते. केएमएसवाल्याला असते १८० दिवसांची, आणि ती त्या खिडकीत मिनिटांत लिहिलेली असते, ताजं ॲक्टिव्हेशन असेल तर २५९२०० मिनिटं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पण कॅल्क्युलेटर काढला होता.

केएमएस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कॉलेज किंवा कंपनी व्हॉल्यूम लायसन्स (बऱ्याच पीसींसाठी एकगठ्ठा लायसन्स) घेते, एक सर्व्हर ठेवते, त्या सर्व्हरवर केएमएसची की टाकून तो एकदा मायक्रोसॉफ्टकडे ॲक्टिव्हेट करते. बाकीचे पीसी मग मायक्रोसॉफ्टकडे जातच नाहीत, नेटवर्कमधल्या याच सर्व्हरकडे जाऊन हजेरी लावतात. सर्व्हर म्हणतो बरं, १८० दिवस चालू दे. पीसी पण तेवढ्यावर थांबत नाही, दर ७ दिवसांनी परत हजेरी लावतो, आणि प्रत्येक यशस्वी हजेरीला १८० चा आकडा परत भरतो. म्हणजे सगळं नीट असेल तर तुमचा आकडा कधी १७३ च्या खूप खाली जायला नको. तो १२०, ९० असा उतरत चाललेला दिसला तर समजायचं की पीसी सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये, फक्त अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. आणि इथेच सगळे फसतात, कारण बिघाड जूनमध्ये होतो आणि बोंब डिसेंबरात होते, आणि आपण डिसेंबरात काय बदललं ते शोधत बसतो!

मी पण तेच केलं. आठवड्यापूर्वी अँटिव्हायरस अपडेट केला होता, त्याच्यावर बिल फाडलं. काढून बघितला, काही फरक नाही. मग म्हटलं विंडोज अपडेट असेल. तेवढ्यात एका सरांनी सुचवलं की ऑनलाइन तीनचारशे रुपयांत की मिळते, साठ घेऊन टाकू. (त्या कीबद्दल खाली बोलतो, तिथे जरा रागावणार आहे.) शेवटी दुपारी जेवण झाल्यावर शांतपणे एका पीसीवर बसलो आणि एसएलएमजीआर स्लॅश एटीओ मारलं, म्हणजे आत्ताच्या आत्ता ॲक्टिव्हेट करून बघ. एरर आला, त्याचा शेवट एफ०३८.

हे एररचे लांबलचक आकडे बघून घाबरू नका, शेवटची तीनचार अक्षरं बघा, तेवढी पुरतात. एफ०७४ असेल तर केएमएस सर्व्हरशी बोलणंच झालं नाही. २३२बी असेल तर सर्व्हरचा पत्ताच सापडला नाही, म्हणजे डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) घोळ. एफ०६सी म्हणजे घड्याळ चुकलंय. आणि एफ०३८ म्हणजे सर्व्हर सापडला, बोलणं पण झालं, पण सर्व्हर म्हणतो माझ्याकडे पुरेशी माणसं जमलेली नाहीत.

हो, केएमएसला कोरम लागतो. सोसायटीच्या मीटिंगसारखं. विंडोजचे निदान २५ वेगवेगळे पीसी हजेरी लावून गेले असतील तरच तो ॲक्टिव्हेट करतो, सर्व्हर विंडोज आणि ऑफिसला ५ पुरतात. आणि हजेरी ३० दिवसच लक्षात ठेवतो, ३० दिवस फिरकला नाही की नाव कट. आता आमच्याकडे तर साठ पीसी चालू, मग कोरम कसा नाही? सर्व्हरवर जाऊन तिथे स्लॅश डीएलव्ही मारलं, त्यात करंट काउंट म्हणून आकडा येतो. तेरा.

साठ पीसी चालू आणि सर्व्हरला दिसतायत तेरा. मग शेजारशेजारचे दोन पीसी घेतले, दोन्हीवर डीएलव्ही उघडलं आणि क्लायंट मशीन आयडी ही ओळ बोटाने अक्षरागणिक जुळवली. सेम टू सेम. तिसरा, तोही तोच. झालं, दिवा पेटला. लॅब बसवताना एक पीसी तयार केला होता आणि बाकीच्यांवर त्याचा घोस्ट (पूर्ण डिस्कची हुबेहूब कॉपी) मारला होता, पण घोस्ट काढायच्या आधी सिसप्रेप जनरलाइज करायचं असतं, म्हणजे त्या पीसीची स्वतःची ओळख पुसायची असते, ते कोणी केलंच नाही (कोणी म्हणजे मीच, लिहायला लाज वाटतेय पण असो). चार मॉडेलचे पीसी, चार इमेज, म्हणजे साठ पीसी सर्व्हरच्या हिशोबी चारच. एकच माणूस पंधरा वेळा येऊन सही करतोय, सर्व्हर मोजतो एकच. चार हे आणि ऑफिस-स्टाफचे नऊ, तेरा.

मग इतकी वर्षं चाललं कसं? तर शेजारच्या लॅबमध्ये ३० जुने पीसी होते, ते टप्प्याटप्प्याने आले होते आणि प्रत्येकावर विंडोज वेगळी टाकलेली, म्हणून तीस वेगळे आयडी. त्या तीसांच्या जिवावर माझे साठ पीसी फुकट कोरम खात होते. मेमध्ये ती लॅब भंगारात काढली, नवीन पीसी आले ते विंडोज घेऊनच आले, ते केएमएसकडे जातच नाहीत. तीस दिवसांनी, म्हणजे जूनच्या मध्यावर, सर्व्हरने जुन्या तीसांची नावं पुसली, काउंट ४३ वरून १३, त्या दिवसापासून एकही हजेरी मान्य नाही. तिथून १८० दिवस मोजा, बरोबर डिसेंबरचा दुसरा आठवडा येतो. आणि तो दर जूनचा दोनचार पीसींचा त्रास, तो पण याचाच भाऊ. उन्हाळी सुट्टीत सगळं बंद, काउंट खाली, सुट्टीत जे फॉरमॅट केले तेवढे रखडायचे, कॉलेज सुरू झालं की आठवड्याभरात सगळे चालू होऊन काउंट भरायचा आणि दुखणं आपोआप जायचं. आपोआप जातं म्हणून कोणी मुळाशी गेलं नाही, आणि पुढच्या वर्षी ये रे माझ्या मागल्या.

उपाय काय केला ते शेवटी सांगतो, आधी बाकीची कारणं, कारण तुमच्याकडे एफ०३८ असेलच असं नाही.

२३२बी बहुतेक वेळा कसा येतो सांगू? नेट स्लो म्हणून कोणीतरी येतो आणि पीसीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून चार वेळा आठ टाकून जातो. नेट पळतं, सगळे खूष. पण केएमएस सर्व्हरचा पत्ता तुमच्या आतल्या डीएनएसमध्ये व्हीएलएमसीएस नावाच्या एसआरव्ही रेकॉर्डमध्ये असतो, गूगलच्या डीएनएसला तुमच्या कॉलेजचं आतलं काय माहीत. डीएनएस परत आतला करा, एटीओ मारा, संपलं. ते जमत नसेल तर स्लॅश एसकेएमएस देऊन पुढे सर्व्हरचं नाव हाताने घालता येतं, पण मला ते आवडत नाही, कारण सर्व्हर बदलला की प्रत्येक मशीनवर जाऊन ते नाव काढावं लागतं (स्लॅश सीकेएमएस) आणि कुठे कुठे घातलं होतं ते तोपर्यंत कोणाला आठवत नसतं.

एफ०७४ ला आधी पोर्ट (सर्व्हरशी बोलायचं नेटवर्कवरचं दार) बघा, १६८८. नवीन फायरवॉल बसवला, लॅबचं व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र भाग) वेगळं केलं, की हा पोर्ट बंद राहतो, कारण बसवणाऱ्याच्या यादीत तो नसतो. स्टाफचे लॅपटॉप घरीच असतात, कॉलेजच्या नेटवर्कवर सहा महिन्यांत एकदाही येत नाहीत, त्यांचं पण हेच. त्यांना व्हीपीएन लावून एकदा एटीओ मारायला सांगा.

आणि घड्याळ. हसू नका, हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि सगळ्यात स्वस्त कारण. जुन्या मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपलेला असतो, लाइट गेली की तारीख मागे जाते. पीसी आणि केएमएस सर्व्हर यांच्या घड्याळात ४ तासांपेक्षा जास्त फरक पडला की सर्व्हर नाही म्हणतो. एका ऑफिसात मी अर्धा दिवस फायरवॉल उकरला, आणि शेवटी तिथल्या काकू म्हणाल्या, "याच्यावर तारीख नेहमी चुकीचीच असते, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघते." तारीख, वेळ आणि टाइम झोन, तिन्ही बघा. नवा सेल घाला, वेळ लावा, झालं.

आता एकटे पीसी, म्हणजे स्टँडअलोन. इथे पंचवीसचा कोरम कुठून आणणार? दहा-बारा पीसींच्या ऑफिसने केएमएसच्या नादी लागूच नये. व्हॉल्यूम लायसन्सच असेल तर मॅक घ्या, मल्टिपल ॲक्टिव्हेशन की. एक की, ठरावीक संख्येची ॲक्टिव्हेशनं, प्रत्येक पीसी एकदा थेट मायक्रोसॉफ्टकडे जातो आणि कायमचा मोकळा होतो, सर्व्हर नको, हजेरी नको. पण फॉरमॅट करून परत ॲक्टिव्हेट केलं की संख्येतलं एक खर्ची पडतं, आपोआप परत मिळत नाही. ज्या ऑफिसात व्हायरस आला की फॉरमॅट, स्लो झाला की फॉरमॅट, तिथे ही की वर्षभरात संपते आणि सी०२० ने संपणारा एरर येतो. त्यावर मायक्रोसॉफ्टचंच व्हॅमट नावाचं फुकट टूल आहे, ते प्रत्येक मशीनचा कन्फर्मेशन आयडी जपून ठेवतं, त्याच हार्डवेअरवर परत फॉरमॅट केलं तर तोच आयडी पुन्हा घालता येतो, नवीन ॲक्टिव्हेशन लागत नाही. इतकी उपयोगी गोष्ट आणि वापरताना मी कोणालाच बघितलेलं नाही.

ज्या मशीनला नेटच नाही, म्हणजे सीएनसीच्या बाजूचा पीसी किंवा परीक्षेची बंद लॅब, तिथे पण मॅक चालते. स्लॅश डीटीआय मारलं की इन्स्टॉलेशन आयडी मिळतो, तो बाहेर नेऊन त्यावर ४८ आकडी कन्फर्मेशन आयडी आणायचा आणि स्लॅश एटीपी देऊन घालायचा. एका मशीनला ठीक आहे. वीस मशीन असतील तर हाताने आकडे लिहीत बसू नका, व्हॅमटमध्ये प्रॉक्सी ॲक्टिव्हेशन आहे, आतल्या पीसीवर आयडी गोळा करायचे, फाइल नेटवाल्या पीसीवर न्यायची, उत्तरं घेऊन परत यायचं.

डोमेन (सगळ्या पीसींचा कारभार एका सर्व्हरवरून चालणारं नेटवर्क) असेल आणि सगळे पीसी डोमेनमध्ये जोडलेले असतील तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीवरून, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीवरून, पण ॲक्टिव्हेशन होतं, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून. त्याला कोरमची अट नाही. १८० दिवसांचं गणित तिथेही आहे, पण डोमेनमध्ये आहे तोवर ते आपोआप भरत राहतं. माझ्या मते पंधरावीस पीसींच्या डोमेनवाल्या ऑफिसला हाच बरा.

आता सेकंडहँड लॅपटॉप. कंपन्यांतून लीज संपलेले लॅपटॉप येतात, दुकानदार फॉरमॅट न करता, आहे तेच थोडं साफ करून विकतो, "ओरिजिनल विंडोज आहे साहेब, बघा ॲक्टिव्हेटेड" म्हणून दाखवतो पण. आणि खरंच असतं ॲक्टिव्हेटेड! जुन्या कंपनीच्या केएमएसवर. चारपाच महिन्यांनी मुदत संपते, तुम्ही दुकानात जाता, तो ॲक्टिव्हेटर (लायसन्स नसताना ॲक्टिव्हेट करणारं चोरटं सॉफ्टवेअर) मारून देतो. घेतानाच डीएलव्ही बघा. केएमएस-क्लायंट आणि विंडोज एंटरप्राइज असं दिसलं तर ते तुमचं नाही. पण गंमत म्हणजे अशा बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये त्यांची मूळ की असतेच. विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनी ती मदरबोर्डवरच लिहून पाठवते, सहसा प्रो किंवा होमची. तुम्ही पेन ड्राइव्ह करून तीच आवृत्ती कोरी इन्स्टॉल केली तर सेटअप ती की स्वतः उचलतो आणि नेट लागलं की ॲक्टिव्हेट होतो. एक रुपया खर्च नाही. त्या दुकानदाराला हे माहीत नसेल असं नाही, पण कोरी विंडोज टाकायला तासभर जातो ना.

ओईएमवाल्याचं ॲक्टिव्हेशन जातं ते मुख्यतः मदरबोर्ड बदलल्यावर, कारण ते लायसन्स त्या बोर्डाचंच असतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. रिटेल नेता येतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंट आधीच जोडलेलं असेल तर सेटिंगमधल्या ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" असा पर्याय येतो, तिथून रिटेल डिजिटल लायसन्स परत लावता येतं. बोर्ड जळाल्यावर अकाउंट जोडायला गेलात तर उशीर झालेला असतो, म्हणून आज जोडून ठेवा.

आणि ती स्वस्तातली की. तीनचारशे रुपयांत विंडोज प्रोची की कोणालाही परवडत नाही, विकणाऱ्याला सोडून. बऱ्याचदा ती कोणाच्या तरी व्हॉल्यूम लायसन्सची फुटलेली मॅक असते, डीएलव्हीत व्हॉल्यूम-मॅक दिसलं की ओळखा. चालते काही दिवस, मग ब्लॉक होते आणि पुढच्या फॉरमॅटला सी००३ येतो. ॲक्टिव्हेटर तर त्याहून वाईट. तो तुमच्याच पीसीवर खोटा केएमएस सर्व्हर उभा करतो किंवा कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरचं नाव घालतो, आणि त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. चोराने कुत्र्याला बांधून ठेवा म्हणावं आणि आपण बांधावं, असा प्रकार. डीएलव्हीत केएमएस मशीनच्या नावासमोर १२७ ने सुरू होणारा पत्ता किंवा ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर ती मशीन मी दुरुस्त करत नाही, सरळ कोरी करतो. व्हॉल्यूम लायसन्स हे मुळात अपग्रेड असतं हे पण लक्षात असू द्या, खाली मशीनबरोबर घेतलेली मूळ विंडोज लागतेच.

विंडोज सोडून बाकी सॉफ्टवेअरला पण हाच प्रश्न विचारायचा, लायसन्स कोणाकडे हजेरी लावतंय. टॅलीचं बघा. सिल्व्हर एका पीसीचं, गोल्ड लॅनवर सगळ्यांना. गोल्डमध्ये एका पीसीवर लायसन्स सर्व्हर चालतो, पोर्ट ९९९९, बाकीचे त्याच्याकडून घेतात. तो पीसी कोणी बंद करून घरी गेलं, किंवा त्याचा आयपी बदलला, की बाकी ऑफिस एज्युकेशनल मोडमध्ये, एंट्री महिन्याच्या मोजक्या तारखांनाच होते, आणि जीएसटी भरायची २० तारीख उद्यावर. त्या पीसीला आयपी स्टॅटिक द्या. आणि फॉरमॅट करायच्या आधी लायसन्स सरेंडर करा, हे वाक्य मॉनिटरला चिकटवून ठेवलंय मी एका सीएंच्या ऑफिसात.

कॅडसारख्या सॉफ्टवेअरचं फ्लोटिंग लायसन्स असतं, वीस सीट घेतल्या की साठातल्या कोणत्याही वीस पीसींवर एकावेळी चालतं. त्याची फाइल बहुतेक वेळा सर्व्हरच्या नेटवर्क कार्डच्या मॅक ॲड्रेसला बांधलेली असते (हा मॅक वेगळा, वरचा मॅक वेगळा, नावं ठेवणाऱ्यांना नमस्कार). सर्व्हरचं कार्ड बदललं, किंवा व्हर्च्युअल मशीन हलवताना नवीन ॲड्रेस पडला, की लायसन्स सर्व्हर उठतच नाही. आणि सर्व्हर ठीक असूनही सीट मिळत नसेल तर लॉग बघा, कोणीतरी सॉफ्टवेअर उघडं ठेवून वडापाव खायला गेलेला असतो. जुन्या डीटीपीवाल्यांकडे प्रिंटर पोर्टला लावलेलं लॉक असायचं, ते निदान डोळ्यांना दिसायचं तरी, हललं की दाबून बसवलं.

तर परत त्या डिसेंबरच्या दुपारी. उपाय सोपा होता पण पायपीट होती. प्रत्येक पीसीवर एसएलएमजीआर स्लॅश रीआर्म, त्याने क्लायंट आयडी नवीन पडतो, मग रीस्टार्ट, मग एटीओ. (रीआर्म कितीही वेळा करता येत नाही, उरलेला आकडा डीएलव्हीत असतो, आधी बघा. आणि पुढच्या वेळी घोस्टच्या आधी सिसप्रेप.) पहिल्या पीसीवर परत तोच एफ०३८. असिस्टंट म्हणाला, "सर, नाही झालं." म्हटलं थांब, सर्व्हरवर बघ, चौदा झाले असतील. झाले होते. नकार देताना पण तो मोजणी करतो. दुसरा, पंधरा. आम्ही दोघं दोन रांगांतून, तो रीस्टार्ट मारत पुढे, मी मागून एटीओ मारत, आणि दर वेळी तोच एरर, बाहेर सबमिशनवाली मुलं काचेतून बघतायत की सर पेटलेत का. अकरा पीसींवर नकार. बाराव्याला खिडकी यायला जरा वेळ लागला, आणि आलं, प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड सक्सेसफुली. आधीच्या अकरांना परत हात लावला नाही, ॲक्टिव्हेट नसलेला पीसी दर २ तासांनी स्वतःच विचारतो. उरलेले अठ्ठेचाळीस संपवून साडेपाचला चहा प्यायला गेलो, येईपर्यंत ते अकराही झालेले होते.

सर्व्हरवरचा काउंट दर पहिल्या सोमवारी बघायचा, असं आता असिस्टंटच्या डायरीत लिहून ठेवलंय. तिथे तो आकडा ५० च्या पुढे जात नाही, साठ पीसी असले तरी, त्यामुळे "सर, दहा कमी दिसतायत" म्हणून फोन करू नका.